नाकावरचे काळे ठिपके आणि घाईचे मलम

चातुर्मास संपून लग्नसराईचे दिवस जवळ आले की अमरावतीच्या जवाहर गेटपासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंतच्या बाजारपेठांत खरेदीची वर्दळ वाढते. त्याच दिवसांत घरोघरी आरशापुढचा वेळही वाढतो. नाकाचा शेंडा, नाकपुड्यांची कड, हनुवटी आणि कपाळ यांवर दिसणारे बारीक काळे ठिपके तरुण मुलामुलींना अस्वस्थ करू लागतात. त्यांना सर्वत्र ब्लॅकहेड्स याच नावाने ओळखले जाते. पार्लरमध्ये ते काढले जातात, चेहरा दोन दिवस स्वच्छ दिसतो आणि दोनतीन आठवड्यांत ठिपके पुन्हा जागच्या जागी उभे राहतात. मग दुसरे पार्लर, तिसरा साबण, चौथे मलम असा प्रवास सुरू होतो.

या प्रश्नाला क्षुल्लक समजून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. ठिपके स्वतः निरुपद्रवी असतात, हे खरेच. परंतु ते घालवण्याच्या घाईत जे चेहऱ्यावर चोळले जाते, ते मात्र नेहमीच निरुपद्रवी नसते. अकोल्यातील एका कुटुंबाला त्याची किंमत मूत्रपिंडाच्या विकाराने मोजावी लागली. म्हणून हे ठिपके नेमके काय आहेत, ते परत का येतात आणि त्यांवर शास्त्रशुद्ध उपाय कोणते, हे प्रत्येक घराने समजून घेणे हिताचे आहे.

काळेपणा मळाचा नाही

आपल्या त्वचेवर असंख्य रोमकूप असतात. प्रत्येक रोमकूपाला जोडून एक तैलग्रंथी असते आणि तिच्यातून सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरतो. त्वचा मऊ ठेवणे हे त्याचे काम. चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ व नाकावर या ग्रंथी अतिशय दाट असतात. कपाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या ४०० ते ९०० पर्यंत असू शकते. रोमकूपाच्या आतील अस्तरातून मृत पेशी सतत सुटत असतात आणि सीबमबरोबर त्या बाहेर पडतात. हा प्रवाह सुरळीत असेल तर काहीच दिसत नाही.

काही व्यक्तींमध्ये या मृत पेशी एकमेकींना चिकटून राहतात. त्यांत सीबम मिसळते आणि रोमकूपाच्या तोंडाशी बूच तयार होते. वैद्यकशास्त्रात त्याला कॉमेडोन म्हणतात. रोमकूपाचे तोंड बंद राहिले तर कातडीखाली पांढरट उंचवटा दिसतो, त्याला व्हाइटहेड म्हणतात. तोंड उघडे राहिले तर बुचाचा वरचा भाग हवेच्या संपर्कात येतो आणि काळा पडतो. हाच ब्लॅकहेड होय. चिरलेले सफरचंद उघडे ठेवले की तपकिरी पडते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. बुचातील मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि स्निग्ध पदार्थ यांच्यामुळे हा रंग येतो. या रंगात मेलॅनिनचा वाटा असल्याचे ब्रिटनमधील संशोधकांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. हा काळेपणा धुळीचा किंवा अस्वच्छतेचा नाही. त्यामुळे दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन किंवा खरखरीत स्क्रबने घासून तो जात नाही. ज्या मुलीला घरात "तोंड नीट धुवत जा" असे वारंवार ऐकवले जाते, ती बहुधा गरजेपेक्षा जास्तच धूत असते.

प्राचीन वैद्यकालाही हा विकार परिचित होता. सुश्रुतसंहितेत तारुण्यात चेहऱ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांना मुखदूषिका म्हटले असून त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. त्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केली आहे. मेळघाटच्या वाटेवर काटेसावरीचे खोड ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही उपमा किती नेमकी आहे हे कळेल.

ते परत का येतात

पार्लरमध्ये दाबून काढला जातो तो तयार झालेला बूच. त्या शेजारच्या अनेक रोमकूपांत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म बूच आधीच तयार होत असतात आणि काही आठवड्यांनी ते दृश्य रूप घेतात. शिवाय रिकाम्या केलेल्या रोमकूपात पेशी चिकटण्याची प्रवृत्ती तशीच कायम असते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर थकीत व्याज भरले जाते आणि मुद्दल तसेच राहते. नाकाला चिकटवून ओढायच्या पट्ट्यांची गोष्टही हीच. त्या बुचाचा वरचा भाग उपटतात, मूळ प्रक्रियेला हात लावत नाहीत.

या प्रक्रियेच्या मुळाशी मुख्यतः आनुवंशिकता आणि संप्रेरके असतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी मोठ्या होतात व अधिक पाझरतात, म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास ठिपके प्रथम दिसू लागतात. आईवडिलांपैकी कुणाला तारुण्यात हा त्रास झाला असेल तर मुलांत तो होण्याचा संभव वाढतो. मुलीच्या बाबतीत मासिक पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि जोडीला मुरुमही असतील, तर पीसीओएसची शक्यता तपासण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक ठरते. अशा वेळी केवळ चेहऱ्यावर उपचार करून भागत नाही.

वऱ्हाडातील भर

मूळ प्रवृत्ती शरीराची असली तरी तिला खतपाणी घालणाऱ्या काही गोष्टी आपल्या परिसरात आहेत. पहिली गोष्ट डोक्याला लावायच्या तेलाची. रात्री भरपूर तेल चोळून झोपण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ते तेल कपाळावर आणि उशीवरून गालांवर उतरते. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये पोमेड ॲक्नेचे वर्णन केले. केसांना स्निग्ध पोमेड लावणाऱ्या पुरुषांच्या कपाळावर व कानशिलांवर दाटीने उगवणारे कॉमेडोन त्यांनी नोंदवले होते. आपल्याकडे कपाळाच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेलगत ठिपके जास्त असतील तर पहिला संशय तेलावर घ्यावा. तेल सोडण्याची गरज नाही. ते केसांच्या टोकांना बेताने लावावे, नहाण्यापूर्वी तासभर ठेवून धुऊन टाकावे आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. खोबरेल तेल चेहऱ्याला लावण्याची सवय असल्यास तीही थांबवावी, कारण ते रोमकूप बुजवणाऱ्या तेलांत मोडते.

दुसरी गोष्ट व्यवसायाची. अकोल्यातील डाळ मिल, दोन्ही जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि तेलगिरण्या येथे काम करणाऱ्यांच्या अंगावर तेल, वंगण व धूळ सतत बसते. यंत्राच्या खनिज तेलाने भिजलेले कपडे अंगावर तासन्‌तास राहिले तर हातांवर व मांड्यांवरही काळे बूच आणि फोड येतात. हा व्यावसायिक विकार म्हणून ओळखला जातो. कामगारांना कामानंतर अंघोळीची सोय आणि बदलायला कपडे मिळणे ही मालकाच्या जबाबदारीचीच बाब आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. येथील भूजल खारे असल्याने साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त वापरला जातो. पाणी जड असेल तर त्याचा थर त्वचेवर राहतो आणि ती कोरडी पडून चुरचुरते. जड पाण्यामुळे ब्लॅकहेड्स होतात असे म्हणता येणार नाही, परंतु चुरचुरणाऱ्या त्वचेला औषधी मलमे सोसवत नाहीत आणि उपचार अर्धवट सुटतो. त्यामुळे अशा गावांत चेहऱ्यापुरते तरी नळाचे किंवा गाळलेले गोडे पाणी वापरावे व साबणाऐवजी सौम्य फेसवॉश घ्यावा.

सारेच ठिपके सारखे नसतात

नाकावर एकसारख्या अंतरावर दिसणारे, राखाडी, सपाट ठिपके पुष्कळदा ब्लॅकहेड्स नसतातच. ते सीबमचे तंतू असतात. प्रत्येक निरोगी नाकावर ते थोडेफार असतात आणि पिळून काढले तरी महिनाभरात पुन्हा भरतात. भिंगाच्या आरशात पाहून त्यांच्यामागे लागणे व्यर्थ आहे.

उलटपक्षी साठी ओलांडलेल्या गृहस्थांच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला, गालफडांवर मोठे काळे बूच दिसू लागले तर ते तारुण्यातील मुरुमांचे नव्हेत. फाव्हर आणि राकूशो या फ्रेंच वैद्यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेला हा विकार दीर्घकाळ ऊन सोसल्याने होतो आणि धूम्रपानाने बळावतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बाजार समितीच्या आवारात किंवा शेतावर उभे आयुष्य काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या उन्हाची नोंद राहते. यावरही उपचार आहेत आणि ते तरुणांइतकेच ज्येष्ठांनाही लागू पडतात.

घाईचे मलम

आता मूळ चिंतेकडे वळू. ठिपके, त्यांचे डाग आणि सावळा रंग या तिन्ही गोष्टी "सात दिवसांत" घालवण्याचे आश्वासन देणारी क्रीम बाजारात मिळतात. त्यांतील दोन घटक विशेष घातक आहेत.

पहिला घटक स्टेरॉइड. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड यांचे तिहेरी मिश्रण मुळात वांग आणि डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या काळासाठी द्यायचे औषध आहे. आपल्याकडे ते गोरे करणारे क्रीम म्हणून शेजारणीच्या किंवा ओळखीच्या शिफारशीवर महिनोन्‌महिने लावले जाते. सुरुवातीला चेहरा खरोखरच उजळ व गुळगुळीत दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरुमांचे पीक येते आणि क्रीम थांबवताच आग होते, म्हणून ते सुटत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याचे विकार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची विचारपूस करण्यात आली. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीला बंदी केली. मात्र नियम कागदावर असून भागत नाही, ग्राहकाने आणि औषध दुकानदारानेही तो पाळावा लागतो.

दुसरा घटक पारा. २०२३ च्या प्रारंभी अकोल्याचे एक प्रकरण वृत्तपत्रांतून राज्यभर गाजले. एकाच कुटुंबातील तीन स्त्रिया एका ब्युटिशियनकडून घेतलेले उजळपणाचे क्रीम वापरत होत्या. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा मोठ्या प्रमाणात आढळला. पारा त्वचेतून शोषला जाऊन रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या चाळणीला इजा करतो. केरळमध्ये कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळातील मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. भारतीय नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये.

म्हणून काही खुणा पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. डबीवर उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती वस्तू कितीही स्वस्त वा कितीही महाग असो, घेऊ नये. परदेशी लिपीतील, आयातदाराचे नाव नसलेली डबी घेऊ नये. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरिक असा शब्द दिसला, अथवा क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावे दिसली, तर ती डबी डॉक्टरांना दाखवल्याखेरीज उघडू नये. असे क्रीम वापरणाऱ्या कुणाच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि डबी सोबत न्यावी. प्रसाधनांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी तर हा नियम खरेदीच्या बिलालाही लावावा. बिल नसलेला माल दुकानात ठेवल्याने मिळणारा नफा एखाद्या लेकीच्या मूत्रपिंडाहून मोठा नसतो.

शास्त्रशुद्ध उपचार

उपचाराचा पाया साधा आहे. सौम्य फेसवॉशने सकाळी व रात्री असे दोनदा तोंड धुवावे, तेलविरहित मॉइश्चरायझर लावावे आणि बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन वापरावे. प्रसाधन घेताना त्यावर नॉन-कॉमेडोजेनिक असे लिहिलेले पाहावे.

त्यानंतर औषधांचा क्रम येतो. सॅलिसिलिक ॲसिड अर्धा ते दोन टक्के प्रमाणात फेसवॉश किंवा लोशनमधून मिळते. ते तेलात विरघळणारे असल्याने रोमकूपात शिरते आणि चिकटलेल्या पेशी सुट्या करते. सौम्य त्रासाला बहुधा एवढे पुरते. त्रास वारंवार होत असेल तर मुख्य औषध रेटिनॉइड गटातील. ॲडापॅलीन ०.१ टक्का जेल किंवा ट्रेटिनॉइन ही औषधे पेशी चिकटण्याची मूळ प्रवृत्तीच सुधारतात, म्हणजे मुद्दलाला हात घालतात. ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरील उपयोग क्लिगमन यांच्याच गटाने १९६९ मध्ये मांडला.

रेटिनॉइड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि लावण्याची रीत नीट पाळावी. तोंड धुऊन कोरडे झाल्यावर, रात्री, वाटाण्याएवढे जेल पूर्ण चेहऱ्याला पातळ लावायचे असते. केवळ ठिपक्यांवर टिकल्या लावून उपयोग नाही, कारण न दिसणारे बूच शेजारीच असतात. पहिले दोनतीन आठवडे एक दिवसाआड लावावे. या काळात कोरडेपणा व सोलवटणे होते, कधी मुरुम थोडे वाढतातही. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात आणि सुधारणा झाल्यावरही आठवड्यातून काही रात्री औषध चालू ठेवावे लागते. लग्नापूर्वी चेहरा नितळ हवा असेल तर उपचाराचा मुहूर्त चार महिने आधीचा धरावा. गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी रेटिनॉइड वापरू नये. त्यांच्यासाठी ॲझेलेइक ॲसिडचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

लालसर, पिकलेले मुरुम जोडीला असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड दिले जाते. त्याने टॉवेल व उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो, हे कापडाच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मोठे, जुने बूच त्वचातज्ज्ञ निर्जंतुक उपकरणाने काढतात. घरी नखांनी पिळणे टाळावे, त्याने खड्डे आणि काळे डाग राहतात. नाक व वरच्या ओठाभोवतीचा भाग तर विशेष जपावा, कारण तेथील संसर्ग क्वचित मेंदूलगतच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचू शकतो. लिंबाचा रस, खायचा सोडा आणि टूथपेस्ट यांनीही त्वचा भाजते.

अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे दोन्ही शहरांत त्वचारोगाचा सल्ला मिळणे अवघड राहिलेले नाही. त्वचातज्ज्ञाकडे जाणे ही चैन आहे, असा समज सोडून द्यावा. अर्धवट वापरून टाकलेल्या पाचसहा क्रीमच्या डब्यांची किंमत जोडून पाहिली तर एका योग्य सल्ल्याचा खर्च बहुधा कमीच भरतो.

आहार आणि अहिंसा

तळलेले खाल्ल्याने ते तेल रोमकूपात जाऊन बसते, हा समज खरा नाही. साखर आणि मैद्याचा संबंध मात्र दिसून आला आहे. ऑस्ट्रेलियातील ४३ तरुणांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रक्तातील साखर सावकाश वाढवणारा आहार १२ आठवडे घेणाऱ्यांचे मुरुम अधिक कमी झाले. दुकानात दिवसभर होणारे गोड चहा, बिस्किटे आणि मिठाई यांवर संयम ठेवून डाळी व कडधान्ये वाढवणे त्यामुळे लाभदायक ठरू शकते. काही पाहण्यांत दुधाचाही संबंध आढळला असला तरी तो कार्यकारणाने सिद्ध झालेला नाही. शाकाहारी कुटुंबात दूध हा प्रथिनांचा मोठा आधार असल्याने मुलांचे दूध परस्पर बंद करू नये.

औषधे व प्रसाधने निवडताना अहिंसेचा विचार करणाऱ्यांसाठी काही बाबी उपयोगी आहेत. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ पासून बंद आहे आणि अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही त्याच वर्षी बंदी आली. घटकांच्या यादीत कारमाइन म्हणजे कीटकांपासूनचा लाल रंग, शेलॅक म्हणजे लाख, तर लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांश. स्क्वॅलिन शार्कच्या यकृतातून किंवा वनस्पतींतून येते, म्हणून उत्पादकाला विचारावे. मधाचे लेप वर्ज्य असल्यास मुलतानी माती व गुलाबपाण्याचा लेप तेलकटपणा तात्पुरता टिपतो, बूच मात्र काढत नाही. तीव्र मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन सहसा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येते आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. हे आक्षेपार्ह वाटत असेल तर औषध गुपचूप बंद न करता डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगावे. हे औषध गर्भाला गंभीर अपाय करते, म्हणून विवाहित वा विवाहाच्या वाटेवरील मुलीने ते घेताना डॉक्टरांच्या सूचना काटेकोर पाळाव्यात.

ब्लॅकहेड्स हा बहुतेकांच्या आयुष्यातील काही वर्षांचा पाहुणा असतो. योग्य औषध, थोडा धीर आणि नियमितपणा एवढ्यावर तो आटोक्यात राहतो. घरातील वडीलधाऱ्यांनी एक काम आवर्जून करावे. मुलांच्या चेहऱ्यावर टीका करण्याऐवजी त्यांच्या कपाटातील क्रीमच्या डब्या एकदा त्यांच्यासोबत बसून वाचाव्यात. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नावच नाही, ती त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे.